उजनीत बोट चालवायची? मग आधी इंजिन बंद ठेवून शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या तिघा मित्रांनी मिळून १४ फूट लांब, ५ फूट रुंद अशी जुनी फायबरची बोट आणि १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं) इंजिन घेतलंय. रविवारी उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये फिरायचं, दिवाळीत घरच्यांना फ्लेमिंगो दाखवायला न्यायचं, असा बेत आहे. तिघांनाही पोहता येतं, चारचाकी येते, व्हिडिओही भरपूर पाहून झालेत. विचारणं एवढंच की चालवायला किती दिवसांत येईल, कोर्स कुठे करावा आणि लायसन लागतं का.

चालवायला एका सकाळीत येईल. रेस, गियर आणि इंजिनाचा दांडा एवढ्या तीनच गोष्टी हाताळायच्या असतात. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे उलटं गणित अंगवळणी पडायला तासभर लागतो. पण हे सगळं इंजिन चालू असतानाचं झालं. बोटीवर माणसं दगावतात ती बहुतेक इंजिन बंद पडल्यावर, माणूस पाण्यात पडल्यावर, बोटीत पाणी भरल्यावर किंवा निघायलाच नको होतं अशा वेळी निघाल्यावर. म्हणून आमच्याकडे शिकवायचा क्रम उलटा आहे. पहिले दोन दिवस इंजिनाला हातच लावायचा नाही.

माझ्या उत्तरातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील हेही आधी सांगतो. बोट आतून किती धड आहे, तुम्ही कोणत्या महिन्यात पाण्यावर जाता आणि बोटीत कोण बसणार, या तीन गोष्टी बदलल्या की सल्ला बदलतो. ऑक्टोबरातलं उजनी आणि मे महिन्यातलं उजनी ही दोन वेगळी पाणी आहेत, असं धरूनच वाचा.

‘आम्हाला पोहता येतं’

आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत शिकलेले. विहिरीत काठ चार हातांवर असतो, अंगावर कपडे नसतात, लाट नसते आणि वरून कुणीतरी बघत असतं. उजनीत काठ अर्ध्या किलोमीटरवर असला तरी पाण्यावरून तो हाकेच्या अंतरावर वाटतो. शर्ट-पँट, पायात बूट आणि तोंडावर आपटणाऱ्या लाटा असताना अर्धा किलोमीटर पोहणं साध्या पोहणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच उजनीत कुगावहून समोरच्या काठावरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून बाहेर आला, सहा जण गेले. हे अंतर रोजच्या येण्या-जाण्याचं होतं, हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिली पायरी शहरातल्या जलतरण तलावात, तिथल्या जीवरक्षकाला सांगून. रोजचे कपडे आणि वर लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरा. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला खांद्यावरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर एक तर सैल आहे नाहीतर मोठं आहे. मुलांच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नका. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती किलोच्या माणसासाठी आहे आणि उचल किती न्यूटन आहे ते लिहिलेलं असतं. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. ५० न्यूटनवालं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरतं असतं. घरच्यांना नेणार असाल तर १०० न्यूटनच्या खालचं घेऊ नका. शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणा करण्याची खात्री हवी असेल तर १५० लागतं. लेबल नसलेलं, दुकानदार ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून देतो ते परत करा. आणि एक सवय आजच मोडा: जॅकेट बुडाखाली उशी म्हणून घ्यायचं नाही. आतला फोम दबतो आणि उचल कमी होते.

साडी नेसून बोटीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओली साडी पायाला गुंडाळली की पाय मारता येत नाहीत. त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालायला सांगा. घरात यावरून वाद होणार हे माहीत आहे, तो काठावर येण्याआधी मिटवा.

तलावातच आणखी दोन गोष्टी करून बघा. एक, जॅकेट घालून गुडघे छातीशी घेऊन दहा मिनिटं नुसतं तरंगत राहणं. दोन, पाण्यातून कठड्यावर हातांच्या जोरावर वर चढणं. कठडा पाण्यापासून फूटभर उंच असेल तर तिघांपैकी दोघांना जमणार नाही. बोटीचा काठ त्याहून उंच असतो आणि तो तुमच्या वजनाने कलतोही. यावरूनच कळतं की बोटीला मागे शिडी हवी, आणि ती नसेल तर दोराला फूट-फूट अंतरावर गाठी मारून पाय ठेवायला एक फास तरी हवा.

बोट जुनी आहे, म्हणून

जुन्या फायबर बोटीत बाहेरून रंग नवा असतो आणि आतलं लाकूड कुजलेलं असतं. इंजिन ज्या मागच्या फळीला अडकवतात तिच्या आत बहुधा प्लायवूड असतं. इंजिन बसवून ते खाली-वर हलवून बघा. फळी लवत असेल, बोल्टजवळ तडे दिसत असतील किंवा ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल तर आधी ती बदलून घ्या. इंजिन आवळ-स्क्रूवर असलं तरी त्याला एक साखळी किंवा जाड दोर बांधून तो बोटीच्या कडीला अडकवा. स्क्रू हादऱ्याने सैल होतात, आणि ४०-५० किलोचं इंजिन तळाशी गेल्यावर शोधायला पाणबुड्या लागतो.

सीटखालच्या कप्प्यांत फोम भरलेला असतो, त्यामुळे बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी. जुना फोम पाणी पिऊन बसलेला असू शकतो. तपासायला एकच खात्रीचा उपाय आहे: इंजिन, बॅटरी, टाकी काढून कमरेएवढ्या पाण्यात बोट मुद्दाम पाण्याने भरा. काठोकाठ भरल्यावरही ती तरंगली आणि चौघांनी बाजूला धरल्यावर टिकली तर ठीक. बुडाली तर ती बोट घेऊन खोल पाण्यात जाऊ नका, मग इंजिन कितीही चांगलं असो. ही चाचणी करताना तुम्हाला भरलेल्या बोटीला धरून राहायची सवयही होते. बोट उलटली तर तिला सोडायचं नाही, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. काठ जवळ दिसतो, पोहणाऱ्याला वाटतं मी जाऊन मदत आणतो, आणि तो एकटा पडतो. उलटी बोट दुरून दिसते, डोकं दिसत नाही.

किती माणसं? एक ढोबळ सूत्र वापरतात: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. तुमची १४ × ५ = ७०, भागिले १५ म्हणजे साडेचारच्या जरा वर. अपूर्णांक सोडायचा. चार माणसं, चालवणारा धरून, तेही शांत पाण्यात. वारं असेल तर तीन. तीन घरची माणसं एका फेरीत बसणार नाहीत, हे आत्ताच ठरवून टाका. ‘एकच फेरी, पोरं मांडीवर घेऊ’ हे वाक्य काठावर हमखास येतं.

बोटीत पाणी साचू देऊ नका, याचं कारण नुसतं वजन नाही. तळ १० फूट बाय ४ फूट धरला तर एक इंच पाणी म्हणजे ९० ते ९५ लिटर, म्हणजे दीड माणूस. शिवाय हा दीड माणूस एका जागी बसत नाही. बोट जरा उजवीकडे कलली की तो पळत उजवीकडे जातो आणि तिला आणखी कलवतो. म्हणून मागचं बूच लावलंय का हे पाण्यात ढकलण्याआधी बघा. नवख्यांची ही पहिली चूक असते. जवळ एक जादा बूच, एक बादली आणि कापलेला पाच लिटरचा कॅन ठेवा. बादली आणि कॅन दोरीने बांधून ठेवा.

वल्हं, दोर, नांगर

दुसरा दिवस काठाजवळ, इंजिन वर उचलून. जागा उथळ, कमी वाऱ्याची हवी. परवानगी मिळत असेल तर सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव या कामाला उजनीपेक्षा बरा. दोघांनी दोन वल्ही घेऊन आधी वाऱ्याबरोबर, मग वाऱ्याच्या उलट बोट न्या. उलट दिशेला पंधरा मिनिटं ओढलीत की अंदाज येईल: इंजिन गेलं तर तुम्ही वाऱ्याविरुद्ध परत येऊ शकत नाही. जाल ते वारं नेईल तिकडे. यावरूनच पुढचा नियम निघतो. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघायचं, म्हणजे बंद पडलात तरी वारं तुम्हाला निघालेल्या काठाकडे आणेल.

नांगर हा तुमचा ब्रेक. बोटीला दुसरा ब्रेक नाही. दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा लागतो, वारं असेल तर सातपट. कमी सोडला तर नांगर रुतत नाही, उचलला जातो आणि घसरतो. ४० मीटर दोर असेल तर ८ मीटर खोलीपर्यंत तो कामाचा. म्हणून पहिल्या महिन्यात नांगर तळाला लागेल अशाच पाण्यात राहा, म्हणजे आपोआप काठाजवळ राहाल. नांगर टाकायचा तो बोटीच्या पुढच्या टोकाला बांधून. मागे बांधला की बोटीची पाठ लाटेकडे होते, मागचा काठ इंजिनासाठी मुळातच खाली कापलेला असतो आणि पाणी थेट आत येतं. उजनीच्या तळाशी बाभळीचे बुंधे आहेत, नांगर त्यात अडकेल. जोर लावून ओढत बसू नका. हाताशी चाकू ठेवा आणि दोर कापा, नांगर दुसरा मिळतो.

दुसरा दोर १५ मीटरचा, फेकायचा, टोकाला रिकामा बंद कॅन बांधलेला. तो सरळ माणसावर नाही, त्याच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्या हातात आणायचा. हे काठावर पन्नास वेळा करा. पहिले तीस चुकतात.

आता इंजिन

तिसऱ्या दिवशी बोट काठाला बांधून इंजिन चालू करा. टाकी बोटीत ठेवून पेट्रोल भरू नका, टाकी बाहेर काढून जमिनीवर भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीत पेटते. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर आउटबोर्डचंच ऑइल, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. बऱ्याच इंजिनांना ५० ला १ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. आणखी एक: हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. बऱ्याच आउटबोर्डांना १० टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे महिनाभर टाकीत पडलेलं पेट्रोल घेऊन कधी निघू नका. ते मोटारसायकलला वापरा, बोटीला ताजं भरा.

किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला, रोज, काठापासून. ही नुसती सोय म्हणून दिलेली नाही. चालवणारा पडला की दांडा सुटतो, इंजिन आपोआप एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरत पुन्हा त्याच माणसावर येते. रोज निघताना इंजिन मंद चालू असताना दोरी ओढून बघा. इंजिन बंद झालं नाही तर त्या दिवशी बोट बाहेर नाही.

इंजिन बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात, पण घाबरलेल्या माणसाला ती दिसत नाहीत. म्हणून क्रम पाठ करा. आधी नांगर टाका, मगच इंजिनाकडे वळा. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. निम्म्या वेळा तोच बंद असतो, इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि मग आचके देत बंद पडतं. मग किल स्विचची दोरी जागेवर आहे का, गियर न्यूट्रलला आहे का, पेट्रोलच्या नळीतला फुगा दाबल्यावर टणक होतो का. त्यानंतर स्पार्क प्लग. इंजिन चढतंय पण बोट हलत नाही, तर पंख्याची (प्रोपेलरची) पिन तुटलेली आहे किंवा पंख्याचं आतलं रबर सुटलंय. जवळ पिन, प्लग, पाना आणि पक्कड ठेवा.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडत असते. ती थांबली म्हणजे थंड करणारं पाणी आत जात नाही. जलपर्णी किंवा जाळीचा तुकडा अडकलेला असतो. इंजिन ताबडतोब बंद करा, वर उचला, साफ करा. पंख्याला हात लावण्याआधी किल स्विचची दोरी काढून खिशात ठेवा.

पेट्रोलचा हिशोब तिसऱ्याचा: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक शिल्लक. १५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण रेसवर तासाला पाच-सहा लिटर खातं, टू-स्ट्रोक असेल तर त्याहून जास्त.

चालवायचा सराव करताना वेगाने जाण्यापेक्षा थांबण्यावर वेळ घालवा. रेस एकदम सोडली की बोटीचं पुढचं टोक खाली बसतं आणि मागून आपलीच लाट येऊन मागच्या काठावरून आत सांडते. दोन टप्प्यांत कमी करायची. काठाला लागताना वाऱ्याच्या तोंडावर, चालत्या माणसाच्या वेगाने. रिव्हर्स गियर टाकायचा तो मंद रेसवरच.

माणूस पाण्यात पडला तर काय, याचा सराव २० लिटरच्या कॅनवर करा. कॅन निम्मा पाण्याने भरा, म्हणजे तो डोक्याएवढाच वर दिसतो. कॅन पडला की ओरडायचं, एकाने त्याच्यावरून नजर न काढता हात दाखवत राहायचं. त्याने दुसरं काही करायचं नाही, लाटांत डोकं दहा सेकंदांत हरवतं. चालवणाऱ्याने गियर काढायचा आणि माणूस ज्या बाजूला पडला त्या बाजूला बोट वळवायची, म्हणजे दांडा उलट बाजूला ढकलायचा. म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो. मग वळसा घालून वाऱ्याच्या तोंडावर हळू जवळ यायचं आणि शेवटचे दोन-तीन मीटर इंजिन पूर्ण बंद. नुसता न्यूट्रल चालत नाही. सलग पाच वेळा कॅन हातात आला की पुढे जा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून फिरवणं यात एक सेकंदही घालवू नका. उताणा, सपाट जागेवर, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला आधी हवा लागते. ११२ किंवा १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा.

उजनीचं पाणी

उजनीची पातळी वर्षभर खाली-वर होते. उन्हाळ्यात साठा उणेमध्ये गेला की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तुम्ही फोटो पाहिले असतीलच. जे मे महिन्यात उघडं दिसतं तेच डिसेंबरात तुमच्या तळाखाली एक-दीड फुटावर असू शकतं: जुन्या विहिरींचे काठ, घरांचे चौथरे, बांध, बाभळी. म्हणून उन्हाळ्यात एकदा काठाकाठाने पायी फिरा आणि मोबाइलच्या नकाशावर धोक्याच्या जागा खुणावून ठेवा. या पाण्याचा याहून चांगला नकाशा विकत मिळत नाही. स्थानिक मच्छीमाराला दोन फेऱ्यांचे पैसे देऊन बरोबर घ्या आणि तो कुठून वळसा घालतो ते बघा. सरळ का गेला नाही, हे विचारा.

मच्छीमारांची जाळी दिवसाही पाण्यात असतात. तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्यांची किंवा बाटल्यांची रांग दिसली तर मधून जायचं नाही. जाळं पंख्यात गेलं तर तुमचं इंजिन अडकतं आणि त्यांचं पोट. थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या माणसाजवळून वेगाने गेलात तर तुमच्या लाटेने तो पडेल. शंभर मीटर आधीच रेस कमी करा.

काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाणी मागे सरकलं की मोटारी पुढे सरकतात आणि केबल पाण्यावरून, पाण्यातून, बांबूवरून ओढलेल्या असतात. जोड उघडे असतात. केबल वल्ह्याने उचलून खालून जाण्याचा उद्योग करू नका. मोटारी असलेल्या काठाला बोटच लावू नका.

धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहायचं हे सांगायला नको. पण खाली भीमेत, पंढरपूरकडे बोट नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. विसर्ग सुरू झाला की पाणी तासाभरात वाढतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि त्यात गेलेली वस्तू बाहेर येत नाही, जॅकेट घातलेला माणूससुद्धा.

आता वारं. लाट किती उठणार हे वारं किती, किती वेळ आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून आलं यावर ठरतं. उजनीचा पसारा लांबच लांब आहे. त्या लांबीवरून वारं आलं तर आखूड, उभ्या लाटा उठतात. एका लाटेतून सावरेपर्यंत दुसरी येते आणि १४ फुटी बोटीला त्या समुद्राच्या लांब लाटेपेक्षा जास्त त्रास देतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो, आणि पावसाच्या आधी वारं येतं, तेही काही मिनिटांत. म्हणून त्या दोन महिन्यांत दुपारी १२ च्या आत बोट काठावर. आकाशात काळा ढग दिसला, वारं एकदम पडलं किंवा थंड झुळूक आली की निघा. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप बघा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंदाला एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही पाण्यावर नसायला हवं. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, ते उठेपर्यंत चहा घ्या.

वाऱ्यात सापडलातच तर जवळचा काठ गाठा. गाडी लावलेला काठ गाठायचा नाही. माणसं मरतात ती गाडीकडे परतण्याच्या हट्टात. दहा किलोमीटर रिक्षाने परत जाता येतं. सगळ्यांना तळावर, मध्ये बसवा. लाट पुढच्या टोकाला तिरकी घ्या, रेस इतकीच ठेवा की बोट वळवता येईल. आडवी कधीच घेऊ नका. वळायचंच असेल तर दोन-तीन मोठ्या लाटा गेल्यावर जरा सपाटी येते, तेव्हा वळा.

समोरून बोट आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, त्यामुळे हात चुकतो, सराव करा. आडवी येणारी बोट तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तिची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने लांबून जायचं. वल्ह्याच्या बोटीला नेहमी वाट द्यायची. अंधारात जाऊ नका. गेलातच तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा दिवा लागतो.

कागद आणि कोर्स

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ खाली इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र हे विषय येतात. राज्यात त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं. धरणाच्या पाण्यात बोट टाकायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी, त्यासाठी भीमानगरला चौकशी करा. आधी कागद, मग पाणी. शिकण्यासाठी गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट हाताळणी आणि जीवरक्षण यांचे कोर्स घेते. तिघांपैकी किमान दोघांनी करा. एकच शिकलेला असेल आणि तोच पाण्यात पडला, तर बोटीत शिकलेलं कुणीच उरत नाही.

दिवाळीचं काय

वर लिहिलेलं सगळं झालं असेल, बोट भरून तरंगली असेल आणि तुमच्या स्वतःच्या दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील, तर न्या. नसतील तर दिवाळीला तिथल्या नावाड्याच्या बोटीतून फ्लेमिंगो दाखवा, आणि त्याच्याकडेही जॅकेट मागा. नेलंत तर सकाळी, फेरीला तिघे किंवा चौघे, काठापासून तीनशे मीटरच्या आत, पाऊण तास. पक्षी दिसले की सगळे फोन घेऊन एका बाजूला उठतात, बोट तेव्हाच कलते. उठायचं नाही हे काठावरच सांगा, आणि पक्ष्यांच्या थव्यापासून लांब इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडा, म्हणजे तेही उडत नाहीत. चालवणाऱ्याने त्या दिवशी घेतलेली नसावी, आदल्या रात्रीचीही उतरलेली असावी. मोबाइल प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात, शिट्टी जॅकेटला. तिघांपैकी एक जण काठावर थांबेल. त्याच्याकडे कागदावर लिहिलेलं हवं: कोण गेलंय, कुठे, किती वाजता येणार. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासानंतर त्याने वाट बघायची नाही, ११२ लावायचा.

इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक आणि ते टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक हे कळवलंत तर ऑइल आणि पंख्याच्या पिनेचं नेमकं सांगता येईल. मागच्या फळीचे उजेडात काढलेले दोन फोटोही टाका, एक आतून, एक बाहेरून.